निकालाची टक्केवारी आणि शाळेची पारख

प्रश्न : आमच्या छोट्या ग्रामीण वस्तीला दोन सरकारी माध्यमिक शाळा जवळ पडतात. पहिलीतून गेल्या वर्षी शालान्त परीक्षेला १८ विद्यार्थी बसले आणि १७ उत्तीर्ण झाले. दुसरीतून ६० पैकी ५१. ९४ टक्के आणि ८५ टक्के हा फरक पाहून घरातील सगळे पहिल्या शाळेच्या बाजूचे आहेत. मुलीला कोणत्या शाळेत घालावे?
— एक पालक

उत्तर : आपण टक्केवारीबरोबर मुलांची संख्याही कळवलीत, हे फार बरे झाले. अठरा मुलांच्या वर्गात एक मूल नापास झाले की निकाल साडेपाच टक्क्यांनी खाली येतो. साठांच्या वर्गात तो पावणेदोन टक्क्यांच्याही आतच हलतो. पहिल्या शाळेत आणखी दोन मुले अडखळली असती, तर तिचा निकाल ८३ टक्के लागला असता आणि आपल्या घरातले मत कदाचित उलटे झाले असते. अमेरिकेतील शाळांच्या आकडेवारीवर थॉमस केन आणि डग्लस स्टेगर यांनी २००२ साली लिहिलेल्या लेखात हेच दिसते : गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकालाही लहान शाळा अधिक सापडतात आणि खालच्या टोकालाही. म्हणून किमान पाच वर्षांचे आकडे मागून घ्या आणि त्यांची एकत्र बेरीज करून मगच टक्केवारी काढा.

याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र निकालपत्रकात नसतोच. परीक्षेला बसलेली ही मुले माध्यमिकच्या पहिल्या वर्गात आली तेव्हा पटावर किती होती? समजा, पहिल्या शाळेत २६ होती आणि दुसरीत ६४. मग शेवटपर्यंत पोचून उत्तीर्ण झालेली मुले पहिलीत ६५ टक्के आणि दुसरीत जवळजवळ ८० टक्के ठरतात. मधली मुले स्थलांतरामुळे गेली, नापास होऊन मागे राहिली, की निकाल बिघडू नये म्हणून त्यांना हळूच दुसरीकडे वळवले गेले, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारावे. कच्च्या मुलांना बाहेर काढून मिळवलेल्या निकालाला मी चांगला निकाल मानत नाही. ही चौकशी आपण कराच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जेम्स कोलमन यांच्या १९६६ सालच्या अमेरिकी अहवालापासून हेही ठाऊक आहे की मुलांच्या गुणांतील फरकाचा मोठा वाटा घरच्या परिस्थितीकडे जातो. तेव्हा निकालाचे सगळे श्रेय किंवा सगळा दोष शाळेच्या माथी मारता येत नाही. शाळेचे स्वतःचे काम पाहायचे असेल, तर मधल्या गुणांच्या एखाद्या विद्यार्थ्याची गणिताची वही परवानगी घेऊन चाळावी. प्रत्येक पानावर नुसती लाल टिकमार्क आणि सही आहे, की चुकलेल्या पायरीशी थांबून शिक्षकांनी काही लिहिले आहे आणि मुलाने खाली तेच उदाहरण पुन्हा सोडवले आहे? प्रयोगशाळेत काचपात्रांवर धूळ आहे का, तेही दिसेलच.

लहान शाळेत गणित आणि विज्ञान कोण शिकवते, आणि ते शिक्षक किती वर्षे टिकून आहेत, हे अवश्य विचारावे, कारण तिथे एका शिक्षकाची बदली झाली तरी तो विषय वर्षभर अधांतरी राहू शकतो. दोन्ही शाळा तुल्यबळ वाटल्या, तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघा. शाळा सुटल्यानंतरच्या जादा तासाला मुलगी थांबू शकणार की नाही, हे त्यावरच ठरेल.