लिनक्स अपडेटनंतर लोगो दिसतो आणि मग स्क्रीन काळी पडते, काय करावं?

आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून बघा. लॉगिन मागणारी काळी-पांढरी स्क्रीन आली, तर सिस्टिम नीट चालू आहे, अडलंय ते फक्त ग्राफिक्सचं. घाईने फॉरमॅट मारू नका, प्लीज!

काहीच आलं नाही तर रीस्टार्ट करून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू उघडा (नव्या मशीनवर, म्हणजे यूईएफआय असेल तर, एस्केप; जुन्या बायोसवर शिफ्ट). पहिल्या नोंदीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ (quiet splash) काढून ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा. आता कर्नल (लिनक्सचा गाभा) ग्राफिक्स कार्डाचा मोड स्वतः बदलायला जात नाही, त्यामुळे बहुतेकदा डेस्कटॉप दिसतो. रिझोल्यूशन कमी असेल, व्हिडिओ अडखळेल. म्हणूनच हा बदल कायमचा ठेवू नका; तसाही तो त्या एका बूटपुरताच असतो.

आत गेल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा टाका. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर बऱ्याचदा नव्या कर्नलसाठी मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरचा भाग) तयारच झालेलं नसतं, किंवा त्यावर डिजिटल सही नसल्याने सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) ते अडवतं. माझा पहिला संशय तिथेच.

तोवर काम अडलं असेल तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा.