खेळणे सुटण्यापूर्वी शिकवायला लाग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गुडघ्यामुळे आता एखाद-दुसराच मोसम खेळता येईल आणि पुढे प्रशिक्षक व्हावेसे वाटते, असे तू लिहिलेस. विचार मला मनापासून पसंत आहे. मात्र खेळ सुटल्यावर सुरुवात करण्यापेक्षा आत्ताच आपल्या बेळगावच्या लेले मैदानावर लहान मुलांचा एक गट हाती घे आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकपदाच्या 'डी' या पहिल्या परवान्यासाठी अर्ज कर. त्यापुढे सी, बी, ए आणि प्रो हे टप्पे पार करायला कित्येक वर्षे लागतात. खालिद जमील ज्या मुंबई एफसी या संघाकडून खेळले, तिथेच २००९ मध्ये प्रशिक्षक झाले, अनेक वर्षे बेताच्या साधनांत संघ टिकवत राहिले, २०१७ मध्ये ऐझॉलच्या संघाला देशपातळीवरची आय-लीग स्पर्धा जिंकून दिली आणि २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

डावपेच तू शिकशीलच. मला काळजी आहे ती संघनिवडीची. ज्यांच्याबरोबर एका गल्लीत वाढलास, ज्यांच्या घरी जेवलास, त्यांच्यापैकी एखाद्याला उद्या तुलाच बाहेर बसवावे लागेल, आणि कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांप्रमाणे आपल्याकडेही खेळाडूचा अपमान त्याच्या सगळ्या गल्लीला लागतो.

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन खेळाडू असताना १९६५ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यातून त्यांना त्यांच्या डनफर्मलिन संघाने वगळले आणि ही गोष्ट त्यांना सामन्याच्या अगदी तोंडावर कळली. पुढे १९९० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा एफए चषकाचा अंतिम सामना क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-३ असा बरोबरीत सुटल्यावर त्यांनी संघाचे प्रशिक्षक या नात्याने फेरसामन्यासाठी जिम लेटन या गोलरक्षकाला बाजूला ठेवले. हाच लेटन अ‍ॅबरडीनमध्ये त्यांच्या हाताखाली १९८३ चा युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकलेला होता. युनायटेडने फेरसामना १-० असा जिंकला, तो फर्ग्युसन यांचा तिथला पहिला चषक ठरला. लेटनशी असलेले संबंध मात्र कायमचे तुटले. निर्णय योग्य होता असेच माझे मत आहे, तरीही त्याची किंमत एका माणसाने मोजली, हे तू कधी विसरू नकोस.

म्हणून ज्याला वगळशील त्याला आदल्या दिवशी एकट्याला भेटून, खेळातले नेमके कारण सांग. यादी वाचताना त्याला कळता कामा नये. आपल्या संघांत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी मुले असतात, तेव्हा असे बोलणे ज्याच्या त्याच्या भाषेत झाले पाहिजे. तुझे कन्नड बाजारापुरते आहे, ते आता नीट शिकून घे.

पहिल्या काही सामन्यांत कोणाला का खेळवले आणि कोणाला का बसवले, याच्या नोंदी लिहून मला पाठव. मी सविस्तर उत्तर देईन.

तुझा,
सर