गावात सार्वजनिक न्हाणीघर बांधायचं आहे. ते सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून आराखड्यात काय पाहावं?

आधी दार कुठे उघडणार ते ठरवा. टाइल्स आणि शॉवर नंतर बघू.

मी सिव्हिल इंजिनिअर, काम बहुतेक जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात. एका गावात आम्ही बायकांसाठी न्हाणीघर बांधलं. पाणी, दिवा, आतून कडी, सगळं होतं. दार मात्र पारासमोर. दिवसभर पारावर माणसं बसलेली, त्यांच्यापुढून ओल्या केसांनी कोण जाणार? दोन महिन्यांनी गेलो तर आत कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्या. नकाशा माझाच होता, दोष कुणाला देणार! मग दार मागच्या गल्लीत काढलं, पुढे आडोशाची भिंत घातली. तिथल्या एका आजींनी हट्टाने आत ओटा आणि धुण्याचे दोन दगड बसवून घेतले. आता न्हाण्यापेक्षा गर्दी त्या ओट्यावरच असते. 'बठ ना माय' म्हणत एकमेकींना जागा देतात. तुमच्या बजेटमध्ये काही कापायची वेळ आली तर ओटा सोडून काहीही कापा.

कुंड की तोट्या, हा दुसरा प्रश्न. अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून गरम पाणी येतं आणि त्वचेच्या तक्रारी असलेली माणसंही श्रद्धेने तिथे न्हायला येतात. तो झरा सतत वाहता आहे. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, तर साठवलेल्या कुंडाच्या नादी लागू नका. तुर्की हमामात टबात डुंबत नाहीत. गरम दगडावर बसून दगडी कुंडीतलं पाणी वाटीने अंगावर घेतात, म्हणजे आपली बादली आणि तांब्याच. जपानी सेंतोमध्ये, म्हणजे तिथल्या सार्वजनिक न्हाणीघरात, सामायिक गरम टाकं असतं, पण छोट्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुतल्याशिवाय त्यात पाय टाकायचा नाही. (बुऱ्हाणपूर जुन्या खानदेशातलंच, तिथल्या किल्ल्यातला शाही हमाम बघून या. छत सुंदर आहे, पण तो राजघराण्याचा, तुमच्या कामाचा नाही.)

तोट्या कराल तेव्हा एक सांभाळा. 'ही या वाड्याची, ती त्या वाड्याची' अशी वाटणी कुणी हळूच सुचवेल, भांडण नको म्हणून. ऐकू नका. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तो सार्वजनिक पाण्यासाठीच. वाटणी करायचीच असेल तर वेळेची करा, आणि पहाटेची वेळ शेतमजूर बायकांना द्या. त्यांना सातच्या आत केळीच्या बागेत पोचायचं असतं.

मापं थोडक्यात: दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी, रॅम्प १:१२, निदान एका न्हाणीत व्हीलचेअर वळायला दीड मीटर जागा, बसायचा कट्टा ४५ सेंमी उंच, शेजारी भिंतीत पक्का दांडा. फरशी खडबडीत शहाबादी घ्या; गुळगुळीत टाइल्सवर म्हातारी माणसं घसरतात. सोलर लावाल तर आधी पाणी तपासा, जड पाण्याच्या क्षाराने नळ्या चोंदतात. आणि किल्ली एकाच घरात राहू देऊ नका, मग ते घर कोणत्याही पार्टीचं असो.

तुमची जागा पारासमोरची आहे का, तेवढं कळवा.