‘कोच बघून घेतील’ म्हणणाऱ्या पालकांसाठी

अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून एक प्रश्न मी सतत ऐकते: ‘मूल खेळात पुढे आहे, मग मार्क थोडे कमी असले तरी कॉलेज मिळेल ना?’

सई (नाव बदललं आहे) अकरावीत, पोहण्यात तरबेज. गणिताची ग्रेड मात्र घसरत चाललेली. बाबा निर्धास्त होते. “मॅडम, एका कॉलेजच्या कोचची मेल आली आहे. डिव्हिजन वनला 2.3 जीपीए पुरतो. मी तिला अभ्यासाचं विचारणंच बंद केलंय.”

डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा गट, आणि जीपीए म्हणजे 4 पैकी मोजलेली ग्रेडची सरासरी. 2.3 हा आकडा खरा आहे, पण तो कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पात्रतेचा, आणि तोही फक्त 16 कोअर, म्हणजे मुख्य शैक्षणिक, विषयांवर मोजला जातो. त्यातले 10 विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण लागतात, त्यांपैकी 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानातले. त्या 10 विषयांच्या ग्रेड तिथेच पक्क्या होतात. मागाहून तोच विषय पुन्हा घेऊन जीपीए वाढवता येत नाही. शिवाय पात्रता मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. कोच शिफारस करतो, निर्णय कॉलेजचा प्रवेश विभाग घेतो, आणि त्याची अपेक्षा 2.3च्या कितीतरी वर असू शकते.

हे सगळं ऐकून बाबा गंभीर झाले, पण सई ढिम्म. मी मुलाला एकट्याला ‘दुरुस्त’ करायला घेत नाही. घरातले सगळे समोर लागतात. तो आग्रह इथे कामी आला.

मी सईला विचारलं, “बाबांनी अभ्यासाचं बोलणं सोडलं, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं?”

“आधी वाटलं.”

“आणि नंतर?”

ती बराच वेळ बोटं मोडत राहिली. “दादाला ते अजूनही विचारतात, पेपर कसा गेला. मला फक्त टायमिंग विचारतात. म्हणजे माझं डोकं चालत नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलंय.”

बाबा हलले. “अगं, तुझं ओझं कमी व्हावं म्हणून गं!”

“मग गणित शिकवा ना. फक्त ओरडू नका.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी सगळी केस त्या दोन वाक्यांत उलगडली. आपण प्रेमाने सूट देतो; मूल तिचा अर्थ ‘यांनी माझ्यावरची आशा सोडली’ असा लावतं, आणि मग तसंच वागू लागतं. खेळाडू मुलांमध्ये हे मी फार पाहिलंय. रोज पहाटे उठून सराव करणाऱ्या मुलीला मेहनतीचं वावडं नसतंच. तिच्याकडून अपेक्षा आहे, हे तिला कळायला हवं असतं.

तेव्हा टायमिंगइतक्याच आपुलकीने पेपरचंही विचारा. दहावीतच शाळेच्या काउन्सेलरसोबत कोअर विषयांची यादी तपासा. आणि कोच उत्साह दाखवत असेल, तर मुलानेच त्याला नम्रपणे विचारावं: “प्रवेश विभागाने माझ्या ग्रेड पाहिल्या आहेत का?” बऱ्याच कॉलेजांत अर्जाआधी अशी प्राथमिक तपासणी होते. सईने तो प्रश्न स्वतः मेल करून विचारला. उत्तरात तिला अकरावीच्या अखेरीस गणितात कोणती ग्रेड हवी, ते स्पष्ट लिहून आलं.