टॉवर नसलेल्या विमानतळावर कसं वागायचं – ॲरिझोनाला शिकायला येणाऱ्यासाठी

आरटीआर (विमानाच्या रेडिओवर बोलायचा परवाना) झालं, फिनिक्सजवळच्या स्कूलला ॲडमिशन झाली, आता अजून काय तयारी करू असं विचारलंयस. व्हिसा, रूम, गाडी हे बाकीचे सांगतीलच, मी फक्त रेडिओचं सांगतो.

अमेरिकेत पब्लिक विमानतळ सुमारे 5000 आणि टॉवर (जिथून कंट्रोलर विमानांना परवानगी देतो) जेमतेम 500, म्हणजे ॲरिझोनातल्या कासा ग्रांदेसारख्या टॉवर नसलेल्या ठिकाणी तुला उतर म्हणणारं कोणी नसतं, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापलं सांगतात आणि शनिवारी सकाळी तर नुसता बाजार असतो. त्यामुळे 10 मैलांवर असतानाच फ्रिक्वेन्सी लाव, पण लगेच बोलू नकोस, आधी ऐक कोण कुठे आहे. मग "कासा ग्रांदे ट्रॅफिक, स्कायहॉक अमुक नंबर, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू थ्री, कासा ग्रांदे" एवढंच, सावकाश. स्कायहॉक म्हणजे तुझं सेसना विमान, टू थ्री म्हणजे 23 नंबरचा रनवे, आणि डाउनविंड म्हणजे रनवेला समांतर, उतरायच्या उलट दिशेने उडायचा टप्पा. नाव दोनदा का, तर तीच फ्रिक्वेन्सी आजूबाजूचे चार विमानतळ वापरतात आणि वर गेलं की सगळ्यांचंच ऐकू येतं. इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं बघून उडायचे) धडे सुरू झाले की मुलं फिक्सची (नकाशावरच्या ठरलेल्या बिंदूंची) नावं सांगायला लागतात, पॅटर्नमधल्या (उतरण्यासाठी रनवेभोवती मारायच्या ठरलेल्या फेरीतल्या) नवशिक्याला त्यातलं काय कळणार, "पाच मैल पश्चिमेला" म्हण ना. आणि "कोणी आहे का, सांगा" हे तर अजिबात नको, सगळे एकदम बोलतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही.

पण रेडिओवर भिस्त ठेवू नकोस. इथे बऱ्याच ठिकाणी रेडिओ नसलेलं जुनं विमानही कायदेशीर उडतं. ऑगस्ट 2022 मध्ये कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला पॅटर्नमधल्या सेसना 152 ला सरळ फायनलवर (रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) भरधाव आलेलं ट्विन इंजिन विमान धडकलं, तिघं गेले, आणि दोघेही रेडिओवर बोलत होते बरं का. त्यामुळे बेसला (डाउनविंड आणि फायनल यांच्यामधल्या आडव्या टप्प्याला) वळण्याआधी फायनलकडे नीट बघ, लांबून सरळ येणारा दिसला तर डाउनविंड थोडा लांबव, दोन मिनिटांनी काय बिघडतंय. उतरताना खालून येणाऱ्या विमानाला पुढे जायचा हक्क असतो हे खरं, पण तो वापरून दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही हेही त्याच नियमात लिहिलंय.

उतरल्यावर रनवेवर रेंगाळू नकोस, आणि रनअप (उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून करायची तपासणी) करताना मागे कोणाचं विमान, हँगर नाही ना ते बघ, प्रॉपचा (विमानाच्या पंख्याचा) वारा आणि इथली धूळ दुसऱ्याच्या अंगावर गेली की लोक भडकतात आणि बरोबरच आहे त्यांचं. स्कूल कुठली ते कळव, त्या भागातलं अजून सांगतो.