फील्ड प्रायव्हेट, तरी बदल सगळीकडे

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी मी जावामध्ये हिशेबाची प्रणाली लिहीत आहे. ‘व्यवहार’ या क्लासमधील (माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र ठेवणाऱ्या कोडच्या घटकातील) वजन, भाव, हमाली, तोलाई ही सर्व फील्ड प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्या कोडला थेट हात न लावता येणारी, ठेवून प्रत्येकाला गेटर (मूल्य वाचून देणारी मेथड, म्हणजे क्लासमधील क्रिया) आणि सेटर (मूल्य बदलणारी मेथड) दिले आहेत. तरीही वजन क्विंटलऐवजी किलोत साठवायचे ठरताच हिशेबपट्टी, खातेवही आणि दैनिक अहवाल या तिन्ही क्लासांत फेरफार करावे लागले. मग एन्कॅप्सुलेशनने, म्हणजे आतली रचना बाहेरच्या कोडपासून झाकून ठेवण्याने, काय साधले?
— एक वाचक, लातूर

उत्तर : फारसे काही नाही, कारण वजन क्विंटलमध्ये आहे हे गृहीतक गेटरवाटे बाहेर पडले आणि तिन्ही क्लासांनी त्याच्या भरवशावर भाव गुणिले वजन हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. एखादी दुरुस्ती राहून गेली असती, तर तेथे मालाची किंमत शंभरपट दिसली असती. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते एकेका मॉड्यूलच्या (कोडच्या स्वतंत्र भागाच्या) आत लपवावेत, हा निकष संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडला होता. वजनाचे एकक हा तसाच निर्णय आहे.

म्हणून हमाली-तोलाई वजा जाता उरणारी रक्कम ‘व्यवहार’नेच काढून द्यावी आणि इतरांनी ती केवळ मागावी. पट्टीवर वजन छापावे लागतेच. त्यासाठी गेटर खुशाल ठेवावा, मात्र ‘वजनक्विंटलमध्ये’ असे एकक त्याच्या नावातच असावे, म्हणजे आत किलो साठवले तरी बाहेर दिलेला शब्द पाळला जाईल. सेटर मात्र बहुतेक काढून टाकावेत. काटा झाल्यावर वजन कोणीही, कोठूनही बदलावे, असे दुकानाचे मालक तरी मान्य करतील का? चूक सुधारण्यासाठी कारण नोंदवणारी वेगळी मेथड द्यावी.

कपातींची यादी ठेवली असल्यास आणखी एक पळवाट संभवते : गेटरने मूळ यादीच परत केली, तर फील्ड प्रायव्हेट असूनही बाहेरचा कोड तिच्यातील नोंदी काढू शकतो. तिची प्रत द्यावी. नोंदी स्वतःच बदलता येण्याजोग्या असतील, तर तेवढ्यानेही भागत नाही.

एवढे केल्यावरही पट्टी ‘व्यवहार’वर अवलंबून राहीलच, आणि त्यात वावगे काही नाही. क्लासांमधील कपलिंग (परस्परांवरील अवलंबन) शून्यावर आणण्याच्या हौसेने प्रत्येक क्लासपुढे इंटरफेस (कोणत्या मेथड असतील एवढेच ठरवणारा करार) उभा करण्याची पद्धत अलीकडे बोकाळली आहे. एका दुकानाच्या प्रणालीत मला ती अनाठायी वाटते.