पार्किंगमधला राडा आणि सहावीतला मुलगा

प्रश्न : ताई, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगा सहावीत आहे. बंदुकांचा गेम खेळतो, त्याचे सगळेच मित्र खेळतात. हल्ली धाकट्या बहिणीवर सारखा हात टाकतो. परवा तर तिची मान दाबून धरली. ओरडले तर म्हणे, ‘मस्करी करत होतो.’ ह्यांचं म्हणणं, सगळं त्या गेममुळे, एक दिवस मोबाइलच फोडून टाकतो. सासूबाई म्हणतात, मुलगे असेच असतात. मध्यंतरी सोसायटीत पार्किंगवरून राडा झाला, बी विंगमधल्या एकाने वॉचमनला मारलं. त्याचा सीसीटीव्हीचा व्हिडिओ ग्रुपवर आलाय, तोही हा परत परत बघतो. गेम डिलीट करू का?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : गेमचं नंतर बघू. पत्रात ज्या गोष्टीला तुम्ही जेमतेम दोन ओळी दिल्यात, मी तिथेच अडकले. तो व्हिडिओ.

गेममधली माणसं मरतात आणि पुढच्या डावात उठून पळायला लागतात, हे सहावीतल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. वॉचमन मात्र त्याच्या रोजच्या ओळखीचा माणूस. मारणाराही लिफ्टमध्ये भेटणारा काका. आणि त्या व्हिडिओखाली मोठ्यांनी काय लिहिलं? तुमचा ग्रुप मी पाहिलेला नाही, पण माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरून अंदाज करते : हसणारे चेहरे, दोन-चार अंगठे, ‘अशांना असंच पाहिजे’, आणि लगेच खाली पाणी किती वाजता येणार याची चौकशी. पोलिसांत कोणी गेलं नसेल. बी विंगचे काका गणपतीच्या मीटिंगला पुढच्या खुर्चीत असतील. वॉचमन अजून गेटवर आहे का हो, की एजन्सीनं बदलून टाकला?

हे का विचारते ते सांगते. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 साली अमेरिकेत, स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला लाथा-बुक्क्या, हातोडी असं काय काय मारतो, ते मुलांनी पाहिलं. नंतर त्यांना त्या बाहुल्याजवळ सोडलं तर बऱ्याच जणांनी हुबेहूब तेच केलं. एवढं पुष्कळांना माहीत असतं. मला महत्त्वाचा वाटतो तो 1965 सालचा पुढचा भाग. या वेळी फिल्मचे शेवट तीन केले : एकात मारणाऱ्याला बक्षीस, एकात त्याला बोलणी आणि फटके, एकात काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग संशोधकांनी सांगितलं, त्याने काय काय केलं ते करून दाखवा, सरबत आणि स्टिकर देऊ. झालं, तिन्ही गटांतला फरक गेला. म्हणजे शिकली सगळीच होती. करायचं की नाही, ते पुढे काय घडतं यावर ठरत होतं.

तुमच्या मुलाने पाहिलेल्या फिल्मचा शेवट कोणता होता, ते तुम्हीच ठरवा.

आता गेम. तुमचे मिस्टर अगदीच चूक नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2015 साली आणि पुन्हा 2020 साली संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं, की हिंसक गेमचा चिडखोरपणाशी, अंगावर धावून जाण्याशी थोडाफार संबंध दिसतो. पण मारझोडीचे मोठे गुन्हे गेममुळे होतात, असं म्हणायला पुरेसा आधार नाही. तेव्हा गेम डिलीट करू नका, आवरा. हॉलमध्ये बसून, हेडफोनशिवाय, वेळ ठरवून, जेवणानंतर नाही. आणि मोबाइल फोडण्याची भाषा तेवढी बंद करायला सांगा. राग आला की वस्तू फोडायची, हा धडा मुलाला कोणत्याही गेमपेक्षा लवकर पाठ होईल.

सासूबाईंना माझा नमस्कार. पण मुलगे असेच असतात, तर तो वर्गातल्या दांडगोबाची मान का नाही धरत? जो उलट मारणार नाही, त्यालाच तो मारतोय. बी विंगच्या काकांनीही तेच केलं. ठाण्यात शाळेत समुपदेशक असताना माझ्याकडे अशी मुलं यायची. घरी धाकट्याला चोपणारं मूल बाहेर कुठेतरी स्वतः मार खात असायचं, असं मी अनेकदा पाहिलंय. बसमध्ये, क्लासला, ग्राउंडवर त्याला कोणी त्रास देतंय का, बघा. सरळ विचारलंत तर ‘नाही’ म्हणेल. जाता-येता, स्कूटरवर मागे बसवून विचारा. तोंड दिसत नसलं की मुलं बोलतात.

व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमधून काढा, आणि ग्रुपवरूनही काढायला लावा. दोघं वाईट दिसाल, दिसू द्या. मुलाच्या देखत त्याच्या वडिलांनी म्हणायला हवं, की त्या माणसाने केलं ते चूक. तुम्ही म्हणून भागणार नाही, वडिलांनीच म्हणायला हवं. मग मुलाला एवढंच विचारा, ‘दुसऱ्या दिवशी वॉचमनकाका भेटले तेव्हा तू काय बोललास?’ आणि गप्प बसा.

मानेचं वेगळं. मानेला हात म्हणजे मस्करी नव्हे, हे एकदाच, न ओरडता, स्पष्ट सांगा. पुन्हा झालं तर आधी मुलीला जवळ घ्या, त्याची चौकशी मागाहून. त्यानंतरही थांबलं नाही, किंवा कुत्र्या-मांजरांना इजा करणं दिसलं, तर समुपदेशकाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे.

एक शेवटचं. तुमच्या घरात मोठ्यांपैकी कोणी कोणावर हात उचलतं का? याचं उत्तर मला कळवू नका.

प्रश्न : मारधाडीच्या सिनेमांवर सरसकट बंदी का नाही आणत?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : कारण ‘ए’ सर्टिफिकेटच्या सिनेमाला लहान मुलं घेऊन येणारे आपणच आहोत. 2023 च्या कायद्याने यूएचे 7, 13 आणि 16 वर्षांवरचे असे तीन गट केलेत. आधी ते पाळून बघू.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, वय 72. रात्री गुन्ह्यांच्या बातम्या बघतो. काय काय चाललंय बाहेर! नात बारावीत आहे, क्लास साडेआठला सुटतो, तलावपाळीवरून चालत येते. मी क्लास बंद करायला सांगितलं तर घरात सगळे माझ्यावर उखडले.
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : काका, साडेआठला तलावपाळीवर पाय ठेवायला जागा नसते. तुम्हाला जी भीती वाटते ती टीव्हीतून आलीय. जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकाने 1960 च्या दशकाच्या शेवटापासून हेच तपासलं : जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्याहून धोक्याचं वाटतं. हिंसा बघून कोणी मारायला उठतं की नाही यावर आपण वाद घालतो, पण घाबरून घरात बसणाऱ्यांचं कोणी मोजत नाही.

आणि घाबरलेली माणसं निरुपद्रवी असतात असंही नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा फोनवर फिरत होते. मारणारे आपापल्या मुलांच्या काळजीत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

बाहेर काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. पण देशाच्या गुन्ह्यांच्या नोंदी काढल्या तर बायकांवरच्या अत्याचारांत सगळ्यात मोठा आकडा नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा असतो, आणि बलात्काराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. रात्रीच्या चॅनलवर हे दिसत नाही, कारण त्यात पळापळ नसते.

तर क्लास चालू ठेवा. नातीला विचारा, रस्त्यात तुला नको वाटणारी जागा कोणती. मुलींना ती नेमकी माहीत असते : बंद दिवा, टपरीवरचा घोळका. दिवा असेल तर महापालिकेत तक्रार तुम्ही टाका. तिला चालणार असेल, तर गडकरी रंगायतनच्या कोपऱ्यापर्यंत समोर जा. बातम्या त्याच वेळेला असतात ना? आपोआप चुकतील.